दोन सह्यांवाचून

बीडच्या निवृत्त आरोग्य कर्मचारी मंडळात रहमतुल्लाभाईंना सगळे ‘यमाचा कंपाउंडर’ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि भाई हसायचे. हसतील नाही तर काय करतील? छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यांतून गोळ्या-औषधं वाटली, त्यातली चौदा युसूफ वडगावच्या केंद्रात, आणि निवृत्त झाल्यावर माणसानं अंगावर काय ओढून घेतलं, तर लोकांची मृत्युपत्रं. दर मंगळवारी मंडळाच्या माडीवर टेबल मांडून बसायचे. टेबलावर पाटी : वारसनोंद, मृत्युपत्र, देणगीचे कागद, मदत विनामूल्य. ती पाटी दिसली की अर्धी माणसं जिन्यावरूनच मागं फिरायची.

या फंदात ते पडले मलमपट्टी करणाऱ्या एका ड्रेसरच्या पायी. त्या बिचाऱ्याच्या फंडाच्या कागदावर वारस म्हणून लग्नाआधी लिहिलेलं आईचं नाव तसंच राहून गेलं होतं. आई वारून वीस वर्षं झाली होती. मग तो गेला आणि त्याची बायको चार वर्षं कचेरीचे उंबरे झिजवत राहिली. तिच्याबरोबर फिरता फिरता भाई सगळं शिकले. वकिलाकडं बसले, पुस्तकं चाळली, आणि मग मंडळाला म्हणाले, हे काम मी करतो, चहासुद्धा माझा मी पिईन.

समजावण्याची त्यांची एक पद्धत होती. ‘मृत्युपत्राला कागद साधा चालतो. स्टॅम्प नको. रजिस्ट्री केली तर बरं, न्हाई केली तरी अडत न्हाई. पण दोन साक्षीदारांच्या सह्या पायजेत, लिहून देणाऱ्याच्या समोर केलेल्या. त्या नसल्या तर त्या कागदात भजी बांधा.’ नऊ वर्षांत हे वाक्य त्यांनी किती जणांना ऐकवलं असेल, त्याची गणती नाही.

वनमालाबाई त्यांच्या वडगावच्या दिवसांपासूनच्या. केंद्रातल्या सिस्टर. त्यांचं लग्न झालं तलवाड्याला, आणि तिसऱ्या वर्षी नवरा साप चावून गेला. सासऱ्यानं पांढऱ्या पायाची म्हणून नेसत्या लुगड्यावर बाहेर काढली. बाई रडत बसली नाही. नर्सिंगला गेली, नोकरीला लागली, तीस वर्षं आडगावातून बाळंतपणं केली, आणि स्वतःच्या पगारातून बीडमध्ये दोन खोल्या आणि पुढं पडवी असं घर बांधलं. निवृत्तीनंतर पुढच्या खोलीत खेड्यातून नर्सिंग शिकायला आलेल्या दोन पोरी ठेवल्या. भाडं नाही. अट एकच, भांडी घासून जागच्या जागी लावायची. पोरी पास होऊन गेल्या की दुसऱ्या दोन यायच्या.

एका मंगळवारी बाई धापा टाकत माडी चढून आल्या. छातीचं दुखणं तेव्हा सुरू झालंच होतं. म्हणाल्या, ‘भाई, माझ्या मागं घर मंडळाला जाईल ना? पोरींसाठी?’

‘न्हाई बाई. तुमच्या मागं घर तलवाड्याला जाईल.’

‘कावून?’

‘कायदा तसा हाय. लेकरू न्हाई, मालक न्हाई. मग बाईनं सोता कमावलेलं बी आधी नवऱ्याच्या वारसांना जातं.’

बाई खुर्ची ओढून बसल्या. मग म्हणाल्या, ‘ज्यांनी मला हाकलली त्यांच्या घशात माझं घर?’

‘कागद केला न्हाई तर.’

‘मग करा की कागद. बसलाव काय?’

भाईंनी कागद केला. आयुष्यात एवढं मन लावून त्यांनी काही लिहिलं नसेल. घर मंडळाला, त्यात फक्त शिकणाऱ्या पोरी राहतील, मंडळाला ते विकता येणार नाही, भाड्यानं देता येणार नाही. तीन पानं झाली. डॉक्टरकडून बाई शुद्धीवर आणि शहाण्या असल्याचा दाखला आणला, तर बाई म्हणाल्या, ‘एवढं लिहून देणारा डॉक्टर तरी शहाणा हाय का बगा.’

साक्षीदार म्हणून बाईंनी आपल्या दोन मैत्रिणी ठरवल्या, रतनबाई आणि विमलबाई. दोघीही जुन्या सिस्टर. तिघींनाही माडीचा जिना सोसत नव्हता, म्हणून सह्यांचं काम भाईंच्या घरी ठरलं. जुलेखानं, म्हणजे भाईंच्या बेगमेनं, चहा टाकला. कागद मध्ये ठेवला. पेन ठेवलं. आणि रतनबाई म्हणाल्या, ‘भाई, पक्ष लागलाय, ठाव हाय का तुमाला?’

पितृपक्षाचा चौथा दिवस होता. भाईंच्या ध्यानात नव्हतं.

‘पितरांच्या पंधरवड्यात लोक नवं फडकं घेत न्हाईत,’ रतनबाई म्हणाल्या, ‘आन् आमी हिच्या मरणाच्या कागदावर सही करायची? माझा हात न्हाई उचलणार.’

विमलबाई म्हणाल्या, ‘घटस्थापनेला करू की. बारा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?’

‘अमावस्येला आलेली लेकरं मी काय परत पोटात ढकलली का?’ वनमालाबाई म्हणाल्या. ‘सह्या करा गुमान.’

दोघी हसल्या, पण पेनाला कुणी शिवलं नाही. मग तिघीही भाईंकडं बघायला लागल्या. आता बघा, तिथं भाईंनी नुसतं डोळे वटारले असते तरी काम झालं असतं. दोघी कुरकुरत का होईना, सही करून मोकळ्या झाल्या असत्या. पण भाई पडले मवाळ. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सणावाराचा, सोवळ्या-ओवळ्याचा मान राखत आलेला माणूस. ज्यात आपला धर्म नाही त्यात आपण जोर कसा करावा, असं त्यांना वाटलं.

आणि दुसरीही एक गोष्ट त्यांच्या मनात येऊन गेली, ती लपवण्यात अर्थ नाही. साक्षीदार कुणीही चालतो. एक सही आपली, दुसरी स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या जुलेखाची, दोन मिनिटांत कागद पक्का. पण लगेच वाटलं, हिंदू बाईचं घर, दान दिलेलं, आणि खाली दोन्ही नावं मुसलमानांची. उद्या कुणी म्हणालं की या लोकांनी एकट्या बाईला गुंडाळलं, तर? दिवस कसे आहेत हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी तो विचार तिथंच गिळला.

‘बाई, यांच्या मनाला नको वाटतंय तर राहू द्या,’ ते म्हणाले. ‘बारा दिवसांनी करू.’

वनमालाबाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. ‘भाई, तुमी बी?’ एवढंच म्हणाल्या. मग पेन उचलून तिन्ही पानांवर आपली सही ठोकली आणि कागद त्यांच्याकडं सरकवला. ‘माझी तर घ्या. मला ना पितर, ना पंधरवडा.’ जुलेखानं चहा आणला, चौघांनी तो घेतला, आणि बाई रिक्षात बसून घरी गेल्या.

पक्षाचे चार दिवस उरले असताना बाई गेल्या. सकाळी उठल्या नाहीत म्हणून आरोही नावाच्या पोरीनं हलवलं, तर अंग गार. रतनबाईंचा फोन आला तेव्हा भाई दाढी करत होते. अर्धी दाढी तशीच ठेवून ते निघाले. मंडळातल्या एका जुन्या शिपायानं अग्नी दिला. भाई लांब बाभळीखाली उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत लहान लेकरासारखे रडले. लोकांना वाटलं, जुनी ओळख, म्हणून रडतायत.

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी रतनबाई आणि विमलबाई भाईंच्या दारात. दोघींचे डोळे सुजलेले. रतनबाईंनी बसायच्या आधीच सांगितलं, ‘भाई, तो कागद आणा. आमी सह्या करताव.’

‘आता?’

‘तारीख त्याच दिवसाची टाकू. आमी हितंच होताव की. तिनं सही केलेली आमी डोळ्यानं बघितली. यात खोटं काय हाय?’

भाईंनी कपाटातून कागद काढला. खरं सांगतो, त्यांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं. दोन सह्या, बस. बाईचं घर बाईच्या पोरींना. जगात कुणाला कळणार होतं? समोर बसलेल्या दोघी, आपण, आणि गेलेली. पण गेलेली कोण, तर लसीकरणाचा आकडा कमी पडला म्हणून साहेबानं रजिस्टरात चार नावं वाढवायला सांगितली, तेव्हा रजिस्टर साहेबाच्या टेबलावर ठेवून बदली मागून घेणारी बाई. तिच्या शेवटच्या कागदाखाली खोटी ओळ घालायची?

‘तिनं सही केली, तुमी बघितली, बरोबर,’ भाई म्हणाले. ‘पण तुमी सही करताना तिनं बघायला पायजे होतं, रतनबाई. कायदा तेवढंच मागतो. उद्या कोर्टात शपथेवर विचारलं, बाईसमोर सही केली का, तर काय सांगताल?’

रतनबाईंनी पदर तोंडाला लावला. ‘माझ्यामुळं झालं,’ म्हणाल्या. ‘मला कसला मेला पक्ष सुचला.’ विमलबाईंनी त्यांना हात धरून उठवलं. दोघींना घरापर्यंत सोडायला भाई स्वतः गेले. चूक एकट्या रतनबाईंची नाही, हे वाटेत सांगावं असं त्यांना चारदा वाटलं, पण तोंड उघडलं नाही.

पुढच्या आठवड्यात तलवाड्याहून हनुमान आला. बाईंच्या दिराचा मुलगा, पंचेचाळिशीचा. भाईंना वाटलं होतं, कुणी तरी मिशीवर ताव देत येईल, म्हणजे मनसोक्त राग तरी धरता येईल. पण आला तो अगदी साधा माणूस. चपला बाहेर काढल्या, पाणी मागितलं, आणि म्हणाला, ‘चाचा, मी काकूला कधी बघितलं बी न्हाई. माझ्या आज्यानं जे केलं ते वंगाळच केलं. लोक सांगतेत, तिचे कागद तुमच्याकडं असतेत. काही असंल तर दाखवा.’

भाईंनी कागद त्याच्या हातात दिला. मनात एक वेडी आशा होती, की हा वाचेल आणि म्हणेल, काकूची इच्छा आहे ना, मग राहू द्या. हनुमाननं तिन्ही पानं वाचली. बोट ठेवून सावकाश वाचली. मग शेवटचं पान उलटंसुलटं करून म्हणाला, ‘साक्षीदारांच्या सह्या हायत का?’

‘न्हाईत.’

त्यानं कागद नीट घडी करून परत दिला. ‘असत्या तर मी आलो तसा माघारी गेलो असतो, चाचा. भांडून घेणारा माणूस न्हाई मी. पण कायद्यानं येतंय ते सोडलं तर घरचे मला येड्यात काढतील.’ आणि भाईंना त्याला एक उणा शब्द बोलता आला नाही. पोरींना त्यानं महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली, ती त्या मानानं चांगलीच होती. आरोही आता लिंबागणेशहून रोज एसटीनं येते-जाते. दुसरी पोरगी शिक्षण सोडून घरी गेली. घराला कुलूप लागलं.

त्या दिवशी हनुमान गेल्यावर भाई तिथंच बसून राहिले. जुलेखानं दुपारचं जेवण पुढ्यात आणून ठेवलं. ती आतून सगळं ऐकत होती. घरात दोघं दखनीत बोलायची, मी आपलं मराठीत सांगतो.

‘साक्षीदार कोण चालतं हो?’ तिनं विचारलं.

‘कुणीबी. जाणतं माणूस पायजे, बस.’

‘बाईमाणूस चालतं?’

‘चालतं.’

‘मी चालले असते?’

भाईंनी घास मोडला होता, तो ताटातच ठेवला. ‘चालली असतीस.’

‘मग त्या दिवशी मी घरातच होते. तुमी होताव. मला सही येती. मला हाक कावून न्हाई मारली?’

भाईंनी लपवलं नाही. सांगितलं, की दोन्ही नावं आपली झाली असती. लोकांनी बोट दाखवलं असतं, बाईच्या कागदावर डाग आला असता. त्या भीतीनं नाही मारली.

जुलेखानं पाण्याचा तांब्या ताटाजवळ ठेवला. तिचा आवाज चढला नाही. ‘आत्ता तो पोरगा आलता,’ ती म्हणाली. ‘त्यानं सह्या हायत का, एवढंच विचारलं. कुणाच्या, ते न्हाई विचारलं.’