मेणात काही उरलं नाही

आमच्या तपासणी प्रयोगशाळेत तिला सगळे पापुद्रेताई म्हणत. खरं आडनाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा आणि यंत्रावर त्याचे केसाहून कितीतरी पातळ पापुद्रे काढायचे, हे तिचं बावीस वर्षांचं काम. पापुद्रा कोमट पाण्यावर सोडला की त्याला सुरकुती पडता कामा नये. माझ्या पापुद्र्याला हमखास पडायची. मग ती म्हणायची, “इस्त्री विसरलीस वाटतं आज?” कुणी शेजारी शिंकलं, तर त्याचं काही खरं नव्हतं.

यातल्या काही पापुद्र्यांवर आम्ही एक प्रथिन शोधतो. पेशी वाढायच्या घाईत असली की तिच्या केंद्रकात ते असतं. रंग दिला की असं केंद्रक तपकिरी दिसतं, बाकीची निळी राहतात. शंभरात तपकिरी किती, ते मोजायचं. लहान मुलांच्या काही गाठींमध्ये हा आकडा जितका मोठा, तितकं पुढचं अवघड.

एके दिवशी जो ठोकळा आला, तो ताईच्या भावाच्या मुलीचा होता. पोर सहा वर्षांची. पोटातल्या गाठीत सुई घालून काढलेला तुकडा, दोऱ्याएवढा बारीक आणि नखभर लांब. घरच्या माणसाचा नमुना दुसऱ्याने करायचा, असा आमचा रिवाज. कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. मी हात पुढे केला.

“तुझ्या हाती देऊ?” ताई म्हणाली. “काल तुझा पापुद्रा पाण्यात गोळा झाला होता. हो बाजूला.”

भावाचाही फोन येऊन गेला होता. “ताई, तू करतेयस ना? मग मी निर्धास्त.”

पहिला पापुद्रा रंगला आणि तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ तो हलवलाच नाही.

“रंग जास्त चढलाय,” ती म्हणाली.

प्रत्येक खेपेला आम्ही सोबत, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा, एक ओळखीचा पापुद्रा रंगवतो. तो बरोबर आला तर बाकीचेही बरोबर. तो अगदी बरोबर आला होता. मी तसं म्हटलं.

“आता तू मला शिकवणार?”

तिने रंगाची नवी बाटली उघडली आणि नवा पापुद्रा काढून पुन्हा केलं. मग रंगात ठेवायचा वेळ कमी करून तिसऱ्यांदा. ठोकळा यंत्रावर परत चढवला की आधी त्याचं तोंड सपाट करून घ्यावं लागतं, आणि तेवढे पापुद्रे कचऱ्यात जातात. हे तिनेच मला शिकवलं होतं.

“ताई, ठोकळ्यात किती उरलंय?”

“पुरेल गं.”

तिन्ही वेळा शंभरात ऐंशीच्या आसपास तपकिरी. तिसऱ्या वेळी तिने पापुद्र्याची काच माझ्याकडे सरकवली. “तू मोज. माझे डोळे गेलेत बहुतेक.” मी मोजलं. ब्याऐंशी.

काही आठवड्यांनी निदान करणाऱ्या डॉक्टरीणबाई खाली आल्या. चालू औषध लागू पडत नव्हतं. पेशींवर आणखी एक प्रथिन सापडलं, तर एक नवं औषध देऊन बघता आलं असतं. ताईने ठोकळा चढवला, चाक फिरवलं. पाण्यावर नुसतंच स्वच्छ, पांढरं मेण पसरलं. तिने आणखी सहा काप काढले. सगळे तसेच.

“पुन्हा सुई घालता नाही येणार?” मी विचारलं.

“तिचं रक्तच गोठत नाहीये. वॉर्डातून नाही म्हणालेत.” डॉक्टरीणबाईंनी ताईकडे बघितलं. “मी ‘नमुना अपुरा’ लिहिते. तुकडा लहान होताच. खोटं नाही ते.”

ताईने मान डोलावली.

दुपारी भाऊ तो कागद घेऊन दारात आला. “अपुरा म्हणजे काय, ताई? त्या सर्जनला एवढंही नीट काढता आलं नाही? जाऊन गचांडीच धरतो त्याची!”

“धरू नकोस.”

“का? तो तुझा कोण लागतो?”

“त्याने पुरेसं काढलं होतं. मी संपवलं.”

भावाला कळेना. ताईने सगळं सांगितलं, यंत्रावर हात ठेवून, सावकाश. “उत्तर पहिल्याच वेळी आलं होतं, अरे. मला ते पटेना. म्हणून परत केलं.”

“मग? वेगळं आलं?”

“नाही.”

त्याने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “मला विचारलं असतंस, तर मीही म्हणालो असतो, परत कर.” हे तो तिच्याकडे न बघताच म्हणाला. “हिला तू सांग. मला जमणार नाही.”

ताईने भावजयीला सांगितलं. त्यानंतर भावजयीने तिला पोरीच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. तीन आठवडे ताई सुट्टी झाल्यावर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून घरी जायची. शेवटी पोरीनेच हट्ट धरला, आत्या हवी म्हणून.

“आत्या, आज तुला सुट्टी?”

“हो.”

“मग रोज का नाही घेत?”

“घेते की आता.”

दुसऱ्या दिवशी ताईने महिन्याभराच्या रजेचा अर्ज दिला. तो मंजूर व्हायच्या आत पोर गेली.