भट्टीच्या वाऱ्यातली वस्ती

बाईंनी मला प्रार्थनेच्या ओळीतून पुढं ओढलं. कमरेचा पांढरा रुमाल काढला, माझ्या मानेवरून फिरवला आणि सगळ्या शाळेला दाखवला. रुमालावर राखाडी पट्टा उमटला होता.

"बघा," त्या म्हणाल्या. "ह्या लोकांना कितीही शिकवा, अंघोळ करायला कोण शिकवणार?"

पोरं हसली. मी सातवीत होते. सकाळीच आईनं मला वजरीच्या खरबरीत दगडानं घासून काढलं होतं. मान अजून चुरचुरत होती. मी ओळीत परत जाऊन उभी राहिले.

त्या दिवसापासून शेवटच्या बाकावर मी एकटी. शेजारी बसणारी मैत्रीण पुढं गेली. तिच्या आईनं सांगितलं होतं म्हणे. मधल्या सुट्टीत मी भिंतीकडं तोंड करून भाकरी खायची.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. दौंड तालुक्यातलं आमचं गाव. गाव पश्चिमेला, आमची बौद्ध वस्ती पूर्वेला, आणि मधल्या माळावर शिशाची भट्टी. ट्रक भरून जुन्या बॅटऱ्या यायच्या. त्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं. वारा वर्षातला बराच काळ पश्चिमेचा. धूर गावाकडं जायचा नाही, आमच्याकडं यायचा. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या हंड्यावर, झोपलेल्या लेकरांच्या पापण्यांवर राखाडी पूड. तोंडात सारखी गोडसर, लोखंड चाटल्यासारखी चव. गाभण शेळ्या मुदतीआधीच गाभडायच्या. मालक गावातला मोठा माणूस. शाळेच्या समितीवरही तोच.

आणि भट्टीत कामाला कोण? आमचीच माणसं. माझे वडील, दादा, तिथं बॅटऱ्या फोडायचे.

दादांच्या पोटात कळा यायला लागल्या. दौंडला डॉक्टरकडं नेलं. दादांच्या निम्म्या वयाचा तो डॉक्टर. पोटाला हातसुद्धा न लावता त्यानं विचारलं, "दारू किती पितोस?" दादांनी आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं. पंचशील पाळणारा माणूस. मी शेजारी उभी. पण ते मी डॉक्टरला सांगितलं नाही.

पुढं त्यांचा उजवा हात मनगटातून लोंबायला लागला. भाकरीचा तुकडा मोडेना. तेव्हा पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काम काय करता?" हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. रक्त तपासलं. शिसं निघालं. त्या म्हणाल्या, धुरातून, हातातून ते अंगात जातं. लहान लेकरांना जास्त बाधतं. त्यांच्या डोक्यावर परिणाम होतो, अभ्यासात ती मागं पडतात.

मला वस्तीतली पोरं आठवली. ढ म्हणून मार खाणारी. शाळा सोडून भट्टीवर गेलेली. येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडले. दादांना दिसू नये म्हणून.

दहावीच्या वर्षी भट्टीच्या मालकानं स्वच्छतेचा कार्यक्रम ठेवला. शाळेच्या मैदानात मांडव. आमच्या वस्तीतल्या पोरांना साबण आणि टॉवेल वाटायचे होते. मालक माइकवर म्हणाला, गरिबी असली तरी स्वच्छ राहता येतं. टाळ्या पडल्या. पहिलं नाव माझं पुकारलं, कारण वस्तीतली दहावीपर्यंत पोचलेली मुलगी मी एकटीच.

स्टेजवर गेले. मालकानं साबणाची वडी पुढं केली. मी हात मागं घेतले. माइक शेजारीच होता.

"साबण नको," मी म्हणाले. "आमच्या अंगावर तुमच्या भट्टीची राख हाय. माझ्या दादांच्या रक्तात शिसं सापडलंय. भट्टी बंद करा."

माइक बंद झाला. कुणीतरी दंडाला धरून मला खाली उतरवलं. मी वस्तीतल्या माणसांकडं बघितलं. एक जण तरी उभा राहील असं वाटलं होतं. सगळ्यांच्या माना खाली. भट्टी चालली तर त्यांची चूल पेटायची, हे मला कळत होतं. तरी एवढ्या माणसांत मी इतकी एकटी कधीच पडले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी माझ्या चुलत्याला कामावरून काढलं. तो दारात येऊन म्हणाला, माझं शिक्षण त्याच्या भाकरीवर उठलं. हातपंपावर मला बघून बाया गप्प व्हायच्या. आईसुद्धा बरेच दिवस धड बोलली नाही.

दादा ओट्यावर बसले होते. लोंबता हात मांडीवर ठेवलेला. मला जवळ बसवलं.

"खरं बोललीस, बाय," म्हणाले. "पर मला आधी सांगायचं. म्या बी आलो असतो वर."

पुढं त्यांना झटके यायला लागले. त्यातच ते गेले. मयतीला गावातलं कुणी आलं नाही.

भट्टी चालूच राहिली. काही वर्षांनी धुराबद्दल लोकांची ओरड वाढली तेव्हा मालकानं ती उचलली आणि शिरूर तालुक्यातल्या एका माळावर नेली. तिथंही शेजारी वस्ती. पूर्वी मेंढरं राखणारी, आता शेती करणारी माणसं. मी नर्सचं शिकले, शिरूरला नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी एसटीनं त्या वस्तीवर जाते. लेकरांच्या हिरड्यांवर शिशाची निळसर रेघ दिसते का बघते, पोटाचं विचारते.

परवा एका आप्पांनी उंबऱ्यातच अडवलं.

"बाई, तुम्ही आमच्यातल्या न्हाई. आमची पोरं भट्टीवर कामाला लागल्यात. कशाला येताय?"

मी म्हणाले, "आप्पा, तुमच्या नातवाचं पोट कवापासून दुखतंय?"

ते मागं सरले. दार लावून घेतलं. फाट्यावर मी एसटीची वाट बघत बसले. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. धूर वस्तीच्या छपरांवर उतरत होता.

नोकरी सांभाळा, असं वरिष्ठांनी बजावलंय. मला जे बोलायचंय ते मी ह्या नव्या वस्तीच्या गावच्या ग्रामसभेत बोलणार आहे. सोबत कुणी येणार नाही. नको येऊ दे. मालक, तुम्ही भट्टी जिथं न्याल तिथं मी येईन. तुमची भट्टी विझेपर्यंत मी गप्प बसणार नाही.