आतोबांच्या उंदरांचं पान

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत मिळून उंदरांविषयी आदराने बोलणारा माणूस एकच सापडेल, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघावा, हे आमच्या घराण्याचं नशीब. आतोबा मूळचे पोलादपूरच्या डोंगरातल्या कुडपणचे. कुडपणचा माणूस मुंबईला जातो तो गोदीत, हॉटेलात, नाहीतर कुणाच्या तरी गाडीवर. आतोबा गेले ते एका वैद्यकीय संशोधनाच्या संस्थेत, उंदरांच्या खोलीवर. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, दाणा घालायचा, मेलेलं उचलायचं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी ही चाकरी केली आणि निवृत्त होऊन वर कुडपणला परतले. गावातल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "मुंबैला काय करीत होतास रे?" आतोबा ताठ मानेने म्हणाले, "रिसर्च."

उंदीर म्हणजे आपल्या माळ्यावर धावतो तो नव्हे. तसं कुणी म्हटलं तर आतोबांना घरच्या माणसाचा अपमान झाल्यासारखं वाटे. त्यांचे उंदीर वाळवंटातले. जर्बिल म्हणतात त्यांना. टपोऱ्या डोळ्यांचे, शेपटीच्या टोकाला केसांचा गोंडा असलेले, दिवसभरात जेमतेम थेंबभर पाणी पिणारे. आतोबांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण या उंदराच्या मेंदूतल्या रक्ताच्या नळ्या एकमेकींना पुरत्या जोडलेल्या नसतात, म्हणून लकव्याची औषधं आधी त्याच्यावर बघतात, हे ते एसटीच्या कंडक्टरलासुद्धा समजावून देत. शेजारच्या खोलीत आणखी एक जाडा वाळवंटी उंदीर होता. तो वाळूतला खारट पाला खाऊन आयुष्यभर ठणठणीत राहतो, पण त्याला आपला भारी खुराक चालू केला की थोड्याच दिवसांत मधुमेह होतो. या उंदरावर तर आतोबांचा फारच जीव. गणपतीला मुंबईकर मंडळी गावी आली, पोटं पुढे घेऊन मोदक खायला बसली, की आतोबा पंक्तीतून वाढत वाढत म्हणत, "खा, खा. नाचणी खाणारा माणूस डोंगरावरून उतरला आणि बटर खायला लागला. तुमचा केज नंबर तेवढा सांगा." लोक हसायचे आणि चौथा मोदक घ्यायचे. पुढच्या गणपतीपर्यंत त्यांतले दोघे-तिघे माझ्या दुकानातून मधुमेहाच्या गोळ्या नेऊ लागलेले असत.

हो, माझं महाडात औषधांचं दुकान आहे. आतोबांच्या दृष्टीने मी त्यांच्याच धंद्यातला, फक्त खालच्या टोकाचा. त्यांच्या उंदरांनी आधी सोसायचं, मग मी गल्ल्यावर बसून विकायचं. दुकानात आले की ते माझ्या मानेला मागून चिमटीत धरत. जर्बिलला शेपटीच्या टोकाला धरून उचललं तर शेपटीची कातडीच हातात निघून येते म्हणे. त्यामुळे कुणाही जिवाला, मग तो पन्नाशीचा औषधविक्या का असेना, मानेपाशीच धरायचं हा त्यांचा नियम. गिऱ्हाइकांसमोर माझी मान अशी धरली गेली की मी चिडायचो. "अहो आतोबा, मी काय पिंजऱ्यातला आहे का?" ते म्हणत, "तो चावत तरी नाय रे. तुझी जीभ चावते." माझ्या जिभेला हाड नाही, हे आत्याचंही मत होतं, फक्त तिला त्याचं कौतुक होतं. मी काहीही वाकडं बोललो की ती पदर तोंडाला लावून हसायची आणि चार घरी जाऊन सांगायची, "आमचा म्हाडचा बाबू काय बोलला, ऐक गो!"

आतोबांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे टाच. संकटाची चाहूल लागली की जर्बिल मागचे पाय जमिनीवर आपटतो, बाकीचे सावध होतात. इतकी वर्षं त्या खोलीत काढून ही सवय आतोबांच्या उजव्या पायात कशी शिरली देव जाणे. गॅसचा वास आला, टाच. म्हैस वेळेवर परतली नाही, टाच. सासुरवाडीत जेवणावरून दोघा भावांचा आवाज चढला, की पाटाखालून ठक, ठक, ठक. आत्या आतून म्हणायची, "वाजली बघ! उठा रे सगळ्यांनी, बिळात चला." असा संसार दोघांनी चाळीसेक वर्षं केला. ती त्यांना उंदीरवाला म्हणायची आणि ते तिला काहीच म्हणायचे नाहीत, कारण म्हणायला उसंत मिळत नसे.

आता लेप्टोविषयी सांगायला हवं. भातखाचरांतले उंदीर पाण्यात मुततात, त्या पाण्यात लावणीची माणसं दिवसभर उघड्या पायांनी उभी असतात, पायाला कुठे चीर असली की रोग आत. ताप येतो, डोळे लाल होतात, पोटऱ्या दुखतात आणि वेळेत औषध पडलं नाही तर मूत्रपिंडं बसतात. आमच्याकडे पावसाळ्यात ही धास्ती दरसालची. आतोबांच्या खोलीत या रोगाचंही काम चाले आणि तो रोग दिला जाई जर्बिलांना. ही गोष्ट आतोबांना कधी पचली नाही. "सात पिढ्यांत डबकं बघितलं नाय रे त्या जनावराने," ते म्हणत. "आपल्या खाचराचा रोग, आणि मेला वाळवंटातला." रोग लागलेला जर्बिल कसा ओळखायचा, हे तिथल्या डॉक्टरांच्या आधी आतोबांना कळायचं. तो ओरडत नाही, धडपडत नाही. केस पिंजारून, पाठीची कमान करून, बाकीच्यांना सोडून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. "कोपऱ्यात बसला की समजायचं," आतोबा सांगत, "आता उशीर नको."

आणि इथूनच माझा छळ सुरू झाला. कारण आतोबांना कुडपणात जिथे तिथे कोपऱ्यात बसलेली माणसं दिसू लागली. घराजवळ रेंज नाही, म्हणून ते गावाबाहेरच्या एका खडकावर चढून मला फोन करत. "वरच्या आळीतला शंकर कोपऱ्यात बसलाय. गोळ्या घेऊन ये." मी दुकान टाकून, धुक्यात घाट चढून जावं, तर शंकर बायकोशी भांडून बसलेला. एकदा एका माजी सरपंचांचे डोळे लाल म्हणून फोन आला. ते कशाने लाल होते ते घरात शिरताच वासावरून कळलं. एका लग्नात तर नवरा मुलगा होमाच्या धुराने डोळे चोळीत मांडवाच्या कडेला टेकला होता, त्याची पोटरी आतोबांनी सगळ्या वऱ्हाडासमोर दाबून बघितली. मुलीकडची माणसं उठून उभी राहिली. मुलाच्या पायात काही खोट असल्याची बातमी संध्याकाळपर्यंत पोलादपूरला पोचली होती. तेव्हापासून आतोबांचा फोन वाजला की माझ्या दुकानातला पोऱ्यासुद्धा हसायचा.

या सगळ्यावर कळस म्हणजे उंदरांचं पान. भाद्रपदात पितरांची पानं घातली जातात तेव्हा, सर्वपित्रीला, आतोबा एक पान जास्तीचं मांडत. त्यावर वरण-भात, वडे आणि एका कडेला मूठभर सूर्यफुलाच्या बिया. हे पान त्यांच्या जर्बिलांचं. भटजींनी विचारलं, "गोत्र काय सांगू?" आतोबा म्हणाले, "वाळवंट सांगा." ते पान बांधावर ठेवलं जाई आणि अर्थातच खाचरातले उंदीर येऊन फस्त करत. "अहो, ज्यांच्यामुळे रोग होतो त्यांनाच तुम्ही जेवायला घालताय," मी म्हटलं. तर म्हणाले, "पोस्टमन आहेत ते. पोचवतील." आत्या दरवर्षी कटकट करत ते पान वाढायची. पण बिया आदल्या दिवशी आठवणीने तीच निवडून ठेवायची, हे मी बघितलेलं आहे.

गेल्याच्या गेल्या वर्षी लावणीच्या दिवसांत दुपारी आतोबांचा फोन आला. पाऊस मरणाचा होता. दुकानात गर्दी होती. फोनमध्ये सारखं ठक, ठक, ठक वाजत होतं; मला वाटलं, खडकावर पाणी पडतंय.

"बाबू, तुझी आत्या कोपऱ्यात बसलीय रे."

ती त्यांच्या शेजारीच होती, हे मला नंतर कळलं. तापाने फणफणलेल्या बाईला इरलं पांघरवून त्यांनी त्या खडकापर्यंत चालवत आणलं होतं. कारण ती त्यांचं ऐकेना. आरोग्य खात्याच्या बाईंनी लावणीआधी, लेप्टो होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या तिने पित्त होतं म्हणून डब्यात टाकून दिल्या होत्या. तिचं म्हणणं, लावणी अर्धी राहिलीय, पोटऱ्या काय सगळ्यांच्याच दुखतात, हे म्हणणार उंदरांचं काहीतरी आणि जीपभाडं फुकट. शेवटी ती एवढंच कबूल झाली होती की, माझा भाचा 'ये' म्हणाला तर येते. आतोबांना माझ्याकडून एकच शब्द हवा होता. त्यांनी फोनचा आवाज मोठा करून तिच्या कानाशी धरला होता.

आणि मी म्हणालो, "बसू द्या की हो जरा! जन्मभर उभी आहे बिचारी."

पलीकडून आत्याचं हसणं ऐकू आलं. "बघा, काय बोलला! खरंच हाय ना पण!" मग मीही हसलो. ताप आहे म्हणताय तर तापाची गोळी द्या म्हटलं. पोटऱ्या दुखतात तर पाऊस उघडला की तिला महाडजवळच्या सवला नेतो, तिथल्या ऊन पाण्याच्या कुंडात दोन दिवस पाय सोडून बसली की होईल मोकळी. सवला न्यायचं मी तिला किती वर्षं सांगत होतो. "नेशील तेव्हा खरं," ती म्हणाली. मग रेंज गेली. मी समोरच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध काढून दिलं.

ती घरी जाऊन परत कोपऱ्यात बसली. दुसऱ्या दिवशी घाटात दरड आली. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी तिला डोलीत घालून दरडीपलीकडे उतरवली आणि जीपने महाडला आणली, तेव्हा तिचे डोळे पिवळे आणि लाल दोन्ही होते आणि लघवी बंद होती. मी धावपळ करून मोठ्या दवाखान्यात हलवली. चार दिवस मशीनवर होती. शुद्धीत होती तेवढ्या वेळात तिने मला एवढंच विचारलं, "बाबू, सवला आलो काय रे आपण?" मी हो म्हणालो. तेही खोटंच. दोन दिवस आधी आली असती तर, असं डॉक्टर काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. त्या रोगाच्या गोळ्या माझ्याच दुकानात, माझ्या खुर्चीच्या मागच्या फळीवर, हात मागे केला तर लागतील इतक्या जवळ होत्या.

आतोबांनी मला शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघितली. बाराव्यापर्यंत थांबलो. शिव्या आल्या नाहीत. त्यांची टाच मात्र बंद पडली. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी वाजली नाही, वासरू विहिरीच्या काठाशी गेलं तरी नाही. ते घर इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.

पण गेल्या वर्षी लावणी सुरू झाली आणि माझा फोन परत वाजला. "खालच्या आळीतली सुमन कोपऱ्यात बसलीय." मी शटर ओढलं आणि निघालो. सुमनला दिवस गेले होते, त्याने मळमळत होतं. आतोबा ओशाळून म्हणाले, "चुकलं रे." मी म्हणालो, "चुकू दे. परत करा फोन." त्यांनी केला. त्या पावसात मी सात वेळा घाट चढलो. सहा वेळा काही नव्हतं. सातव्या वेळी एका म्हाताऱ्याला वेळेवर खाली आणता आलं, तो आज त्याच खाचरात उभा राहून आतोबांना उंदीरवाला म्हणतो. पोऱ्याला मी सांगून ठेवलंय, या फोनला हसायचं नाही. पण तो म्हातारा वाचला त्या दिवशी गावाने आनंद केला आणि मला मात्र घरी येऊन जेवण गेलं नाही.

सवाष्ण गेलेल्या बाईचं पान अविधवा नवमीला असतं. या भाद्रपदात आतोबांनी आत्याचं पान घातलं. मला बोलावलं होतं. स्वयंपाक त्यांनी स्वतः केला होता, वडे थोडे करपले होते. मी बघतो तर दोन पानं. एक आत्याचं आणि शेजारी दुसरं, बिया घातलेलं.

"ते सर्वपित्रीचं ना?" मी विचारलं.

"आजच उरकलं. दोनदा कशाला तिला राबवायचं?"

माझा तोल गेला. "अजून घालताय त्यांना? काय उपयोग झाला त्यांचा आपल्याला?"

आतोबा बिया सारख्या करत होते. म्हणाले, "त्यांनी त्यांचं काम केलं रे. कोपऱ्यात बसून दाखवलं, मेले. मला समजलं. मी तुला फोन केला." मग पान उचलून बांधाकडे गेले.

मी पडवीत गेलो. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिलो. खरं सांगायचं तर दुकानात, घरात, दोन वर्षं मी असाच बसतो. बायकोने बोलून बघितलं, मुलीने बघितलं, मी कामाचं निमित्त सांगतो.

तेवढ्यात अंगणाच्या कडेला आवाज झाला. ठक. मग परत. ठक, ठक, ठक.

आतोबा रिकाम्या हातांनी उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. ते लगबगीने पडवीत आले, वाकले, त्यांच्या हाताला वड्यांचा वास येत होता. त्यांनी माझी मान मागून धरली.

"कोपऱ्यात नाय बसायचं, बाबू," ते म्हणाले. "चल, ऊठ. पान वाढलंय."