पानमळ्यात नेलेली सायकल

लढाईच्या वर्षांत आमच्या भागातल्या सडका ओस पडल्या होत्या. पेट्रोल मिळत नव्हतं, त्यामुळं सर्व्हिस मोटार कधी यायची, कधी यायचीच नाही. निजामाच्या मुलखात सायकलीही मोजक्याच. अशा दिवसांत मी सायकलवर फिरून विड्याची पानं खरेदी करत होतो. धाराशिवहून निघायचं, बेंबळीला पहिला मुक्काम करायचा, तिथून तेरणेच्या काठाला उतरायचं, काठाकाठानं तेरपर्यंत वर यायचं आणि तिसऱ्या दिवशी घर गाठायचं. तीन दिवसांत बैलगाड्यांशिवाय दुसरं वाहन दिसत नसे. आता ऐकणाऱ्याला वाटतं, केवढी मजा. मजा नव्हती असं नाही, पण मला आधी आठवतं ते मांड्यांचं दुखणं.

मी डोक्यावर पानांची करंडी घेऊन बाजार फिरलेला माणूस. दुकान टाकलं ते माझ्या हिमतीवर. सायकल घेतली ती बदली होऊन चाललेल्या एका मास्तरांची. त्यांच्याशी अर्धा दिवस घासाघीस केली. त्यांचं सामान गाडीत भरून होईपर्यंत मी ओट्यावरून हललो नाही. शेवटी मास्तर कंटाळून म्हणाले, "न्या बाबा, पण माझं डोकं खाऊ नका." माझ्याबद्दल असं बरेच जण म्हणत. मला त्याचं वाईट वाटत नसे.

वाईट वाटायचं ते साडूचं. माझ्या बायकोची थोरली बहीण त्याला दिलेली, कळंबला त्याचं घर. धंद्यात मीच त्याला आणलं. पान कसं हातात धरायचं, देठ कुठं खुडायचा, कोणता मळेवाला शब्दाचा पक्का, हे सगळं मी शिकवलं. दोन वर्षं आम्ही भागीत होतो. मग तो वेगळा झाला आणि जाताना माझ्या ओळखीचे तीन चांगले मळे घेऊन गेला. समोर आला की गोड बोलायचा. त्याचा आवाज कधी चढत नसे, आणि माझा खाली राहत नसे, म्हणून चारचौघांत नेहमी तोच भला दिसायचा.

ज्या फेरीची ही गोष्ट आहे ती संक्रांतीनंतरची. त्या साली पानमळ्यांना मर लागली होती. वेल मुळातून काळे पडून गळत होते. बेंबळीकडचे दोन मळे मी पाहिले, दोन्ही बसलेले. हिरवा राहिला होता तो एकच, तेरच्या खाली नदीच्या वळणावरचा, एका म्हाताऱ्या आप्पांचा. तो मळा हाती लागला तरच माझं दुकान उन्हाळ्यापर्यंत उघडं राहणार होतं. नाही लागला तर माझी गिऱ्हाइकं साडूकडं जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

बेंबळी सोडली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. दोन्ही बाजूंना शाळू निसवलेला, बांधाला करडईच्या ओळी. गाडीवाटेच्या दोन चाकोऱ्या आणि मधे गवताची पट्टी. सायकल त्या पट्टीवरून न्यायची, कारण चाकोरीतल्या फुफाट्यात चाक रुतायचं. नदी दिसली की हवा बदलायची. पात्रात पाणी घोट्याएवढं, पण काठाला ओल, करंजाची गर्द सावली, आणि मैल मैल माणूस नाही. मागून कुणी येत नाही, पुढून कुणी येत नाही. आपल्याच साखळीचा आवाज ऐकत जायचं. दहा वाजेपर्यंत ते बरं वाटायचं. नंतर त्याच आवाजाचा वीट यायचा. त्या दिवशी बाभळीचा काटा दोनदा लागला. लढाईमुळं नवी ट्यूब मिळत नव्हती, असलेल्या ट्यूबला ठिगळावर ठिगळ. दुसऱ्यांदा मी चिंध्या कोंबून चाक भरलं आणि तसाच पुढं निघालो. चिंध्यांवरची सायकल ढेकळातून चालवताना कमरेचे टाके ढिले होतात.

मळ्यावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पानमळ्याची रीत सगळ्यांना माहीत आहे. मळा देवघरासारखा सोवळा. आत अनवाणी जायचं, कातडं आत न्यायचं नाही. मी वहाणा कुंपणाबाहेर काढल्या, कमरेचा पट्टा काढला, चामड्याची थैलीही वहाणांवर ठेवली. इतक्या वर्षांत माझ्याकडून यात कधी चूक झाली नव्हती. सायकल मी नेहमी बाहेरच्या लिंबाला टेकवायचो. पण मागच्या फेरीत तिथंच कुणीतरी माझ्या दोन्ही चाकांची हवा सोडली होती, आणि त्या दिवशी साडूचा गडी तेरात दिसला होता. म्हणून या वेळी शहाणपण केलं. सायकल ढकलत आत आणली आणि पहिल्याच वाफ्यात शेवरीच्या झाडाला टेकवली, वेलाच्या सावलीत. मग पाय धुऊन आप्पांना हाक मारली.

आप्पा विहिरीपाशी मोटेच्या धावेवर, बैलांच्या उतरणीवर, बसले होते. शरणार्थ म्हणून नमस्कार झाला, घरची विचारपूस झाली. ते एकदा उठून मळ्यात गेले, परत आले, आणि मला गूळपाणी दिलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून आमच्या हातांवर टाकलं. जनावरांच्या बाजारातली ही चाल आमच्याकडंही होती. उपरण्याखाली एकानं दुसऱ्याची बोटं दाबायची, बोटांवरून भाव कळायचा, बाजूच्याला काही समजत नसे.

मी भाव दाबला. त्यांचा हात हलला नाही. मला वाटलं, म्हातारा पक्का आहे. मी थोडा वाढवला. हात तसाच, गार आणि जड. मी आणखी वाढवला. या कामात माझा हात धरणारा तालुक्यात नव्हता, पण समोरचं बोट हलेचना तेव्हा मी काय ओळखणार? घरून ठरवून निघालेला आकडा मागं पडला. मी घामानं भिजलो. शेवटी उपरणं भिरकावून दिलं.

"आप्पा, देयाचं न्हाय तर तसं सांगा. दोन दिस पायडल मारून आलोय म्या."

आप्पांनी उपरणं उचललं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

"बोली कशाची करू? मळा बाटवलाव तुमी."

मला काही कळेना. मी पायांकडं पाहिलं. ते म्हणाले, "पायाचं न्हाय. तुमी बसता त्याचं."

सायकलचं सीट चामड्याचं होतं. चार वर्षं मी त्याच्यावर बसत होतो, त्याला तेल लावत होतो, आणि ते कातडं आहे हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. माझ्या लेखी ती सगळी सायकल लोखंडाची. मी मळ्यात धावलो. सीट शेवरीला टेकलं होतं आणि एक वेल त्याच्यावर आला होता.

त्या वेळी हात जोडायला हवे होते, पण मी भांडायला लागलो. म्हणालो, "आणि तुमची मोट? ती काय पितळेची हाय? कातड्याच्याच मोटंचं पाणी पितोय की तुमचा मळा."

"मोट हिरीवर हाय. मळ्यात पाटाचं पाणी येतंय, मोट येत न्हाय."

माझा आवाज चढला. मी सीटखालचा नट पान्यानं पिळून काढला, सीट उपटलं आणि कुंपणापलीकडं फेकलं. म्हणालो, झालं आता? आप्पा अगदी शांतपणे म्हणाले, "आवस होऊ द्या. गोमूत्र शिंपून घेतो, पूजा घालतो. मग या तुमी. दुसऱ्याला बोलत न्हाय तवर."

एवढं भलं बोलणं माझ्या धंद्यात कुणी ऐकवलं नव्हतं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही, पान काय तुमच्याच घरी उगवतं का. वहाणा पायात घातल्या आणि सायकल बाहेर काढली. सीट सापडलं, पण नट गेला होता. तेरपर्यंत आणि तेरपासून धाराशिवच्या चढापर्यंत मी उभ्यानं पायडल मारत, नाहीतर हातात धरून चालत आलो. सीट मागं सुतळीनं बांधलेलं. घरी पोचलो तेव्हा दोन पायऱ्या चढवेनात.

अमावस्येला अजून आठ-नऊ दिवस होते. बायको रोज म्हणायची, जाऊन या. अमावस्या झाली. ती म्हणाली, "म्हातारं माणूस बोललंय तर त्याचा मान ठेवा. तुमचा राग काय दुकानात इकायचाय?" तरी मी गेलो नाही. वाट पाहत होतो, कशाची ते सांगता येत नाही. बहुतेक आप्पांनी निरोप धाडावा, अशी. चौथ्या दिवशी करंड्या रिकाम्या झाल्या आणि पाचव्या दिवशी मी नवा नट बसवून पहाटे निघालो.

तेर ओलांडून नदीकाठी उतरलो आणि वळणाच्या अलीकडंच समोरून दोन बैलगाड्या आल्या. केळीच्या पानांत गुंडाळलेल्या करंड्या वरपर्यंत रचलेल्या, स्टेशनाकडं चाललेल्या. पुढच्या गाडीत साडू. वाट अरुंद, म्हणून मीच सायकल घेऊन करडईत उतरलो. काटे पोटरीला लागले.

साडूनं गाडी थांबवली. म्हणाला, "तीन दिस वाट बघितली म्हणत हुतं म्हातारं. मग म्या गेलो." आणि जरा सरकून बसत म्हणाला, "चढा पाव्हणं. दमलाव. सायकल मागं बांधू, करंड्यांवर नको."

सीटच्या कातड्याचं त्याला आप्पांकडून कळलं होतं, की ते त्याला आधीपासून ठाऊक होतं आणि त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं? मी विचारलं नाही. पुढंही कधी विचारलं नाही, आणि आता तो हयात नाही. आप्पांनी शब्द पाळला, मी त्याचा मान ठेवला नाही, हे मी कबूल करतो. साडूवरचा राग मात्र जशाला तसा आहे. त्यानं चार दिवस थांबायला हवं होतं असं मला वाटतं. का, ते विचारू नये.

मी म्हणालो, मला पुढं काम आहे. पुढं काही काम नव्हतं. पण त्याच्या गाडीमागून परत फिरायचं म्हणजे स्टेशनापर्यंत त्याच्या बैलांची धूळ खायची. मी सायकलवर बसलो आणि मळ्याच्या दिशेनं निघालो. मळ्यावरून जाताना मान वळवली नाही. पुढं करंजाखाली उतरलो, पात्रात पाय सोडून बसलो, आणि गाड्यांच्या घुंगरांचा आवाज पार बंद होईपर्यंत उठलो नाही.