पितृपक्षात घर दाखवलं

...तर तुमी सगळ्यांनी मागच्या पोस्टवर लिहिलेलं ना, की घर विकायला पाऊस सरतानाच बेस्ट टाइम. विहीर भरलेली, भात हिरवंगार, फोटोपण भारी येतात. मी बाबांना तेच सांगितलं. सापगावचं घर विकून आसनगावला स्टेशनजवळ फ्लॅट घ्यायचा, हा प्लॅनसुद्धा माझाच.

बाबा लगेच म्हणाले, "मग पितृपक्षातच दाखव गो."

मी खूश! इंग्लिश मीडियमवाली मी, मला काय माहीत की या पंधरा दिवसांत घराचे व्यवहार कोणी करत नाय? आठवडाभर कोणी फिरकलं नाय. बाबा मात्र एकदम मजेत.

आज सकाळी कल्याणहून एक काका आले. सगळं फिरून बघितलं आणि म्हणाले, "आम्ही पितृपक्ष वगैरे मानत नाही. घर पसंत आहे, फायनल करू."

बाबांचा चेहराच उतरला. ते आत गेले. आज आईची तिथी होती. तिच्या नावाचं पान त्यांनी कौलांवर ठेवलं, आणि कावळा लगेच आला.

काका गेल्यावर मी विचारलं, "बाबा, तुमी मुद्दाम हे दिवस सांगितले ना?"

"दोन वर्सं ती याच कौलावर जेवायला येते," बाबा म्हणाले. "तिकडं चौथ्या माळ्यावर तिला आपलं घर कसं सापडंल गो?"

मला रडूच आलं. काकांना उद्या उत्तर द्यायचंय. तुमी माझ्या जागी असता तर काय सांगितलं असतं?