कीबोर्डचं बारसं

बिननावाची वस्तू आमच्या कॉम्प्युटरच्या बाईंना सहनच होत नसे. जव्हारच्या क्लासमधला सारखा अडकणारा प्रिंटर म्हणजे ‘रुसूबाई’ आणि सोल्डरिंगची सळई म्हणजे ‘चटका’. म्हणून आम्ही त्यांना बारसेबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्यांच्या हाताखाली मी एक कीबोर्ड बनवला. सागाची चौकट, एकेक बटण हाताने सोल्डर केलेलं, मराठी अक्षरं माझ्या सोयीने मांडलेली. विज्ञान प्रदर्शनात तो कॉम्प्युटरला जोडला, तर पडद्यावर आतल्या चिपसोबत आलेलं कुठलंसं परदेशी नाव झळकलं. पालघरहून आलेले परीक्षक ते वाचून म्हणाले, हा तर विकतचा दिसतोय, दुपारच्या फेरीत बघू. मी कीबोर्ड उचलून पिशवीत भरायला लागले.

बाई मात्र खूश. याचं बारसंच राहिलंय की, म्हणत त्यांनी लॅपटॉप उघडला. नाव सुचवलं, वावर, माझ्या गावाचंच. मी नको म्हटलं. ते नाव काढलं की लोक आवाज खाली करून विचारतात, कुपोषणाने पोरं गेली तेच ना?

“तेच,” बाई म्हणाल्या. “आता दुसऱ्या कशासाठी तरी वाचू देत.”

चिपमध्ये नाव भरलं, वायर जोडली. पडद्यावर पुन्हा तेच परदेशी नाव. मला रडू कोसळलं. बाईंनी कपाळाला हात लावला, मग हसल्या. कीबोर्ड जोडला की तो आधी आपला नंबर सांगतो, आणि या कॉम्प्युटरने सकाळीच त्या नंबरापुढे जुनं नाव टिपून ठेवलं होतं. नंबर तोच, म्हणून तो नवं नाव विचारतच नव्हता.

“आपण कानात कुर्र केलं, पण त्याच्या लेखी हे सकाळचंच पोर.”

त्यांनी नंबर बदलला. कॉम्प्युटरला वाटलं, नवाच कीबोर्ड आला. त्याने नाव विचारून घेतलं आणि पडद्यावर दाखवलं: वावर.

दुपारी परीक्षकांनी ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, ही कुठली कंपनी?

मागे उभा असलेला माझा बा म्हणाला, “कंपनी नाय, साहेब. आमचा गाव हाय त्यो.”

मग मी चौकट उघडून सगळी जोडणी दाखवली, नंबराची गोष्ट सांगितली. पहिला नंबर आमचा आला. बाने सगळ्या प्रदर्शनाला ऐकू जाईल अशा टाळ्या वाजवल्या.

पुढे बाई मोखाड्याच्या क्लासवर गेल्या. निघताना स्टँडवर मला रडू आवरेना, तेव्हा म्हणाल्या, रडतेस काय, कुणी गाव विचारलं तर नीट सांगत जा.

मी सांगते. मोठ्याने सांगते.