बाबा दुपारी गावाला जाऊन आले

राखणदार, देवचार, गावाची राखण करणारी न दिसणारी माणसं... आमच्या सिंधुदुर्गात या गोष्टी ऐकतच माणूस मोठा होतो. मी मात्र केमिस्ट्री शिकलेला, पेंटच्या फॅक्टरीत क्वालिटीला आहे. असं काही कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा करायला जायचो. आज मीच लिहितोय. पटवून घ्याच असं म्हणणार नाही, तेवढी ताकदही राहिलेली नाही.

आमचं गाव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, घाटाच्या पायथ्याशी. तिन्ही बाजूंनी नदी, मधे पंधरा-वीस घरं, देऊळ आणि देवळापुढे दगडी दीपमाळ. मी शाळेत असताना धरण झालं आणि सगळं पाण्याखाली गेलं. आम्हाला वसाहतीत जागा मिळाली, पण बाबा तिथे कधी रमलेच नाहीत. आई गेल्यावर त्यांना मी इकडे आखातात, उम्म अल कुवैनला आणलं. तोवर त्यांची स्मृती जायला लागली होती. रोज एकच — "घराक कधी जावचा?" मी रोज फॅक्टरीसाठी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कपर्यंत ड्राइव्ह करून थकलेला. "जाऊ हां, बाबा" म्हणायचो आणि आडवा व्हायचो.

त्या रविवारी जेवून मला झोप लागली. बायकोने, सुनीताने, हलवून उठवलं. "अहो, बाबा कुठायत?"

दार उघडं होतं. मुलगी म्हणाली, "आय थॉट ही वॉज विथ यू, पप्पा."

बाहेर जुलैचं ऊन. अशा उन्हात म्हातारा माणूस किती वेळ तग धरणार... मी गाडी काढली, सुनीता पायी निघाली. खाडीकडचा रस्ता, पार्क, बिल्डिंगमागचं पार्किंग — कुठेच नाहीत. कोपऱ्यावरचा मलबारी दुकानदार म्हणाला, "अंकल इधर से गया. बहुत खुश था." पोलिसांना फोन लावणार, तेवढ्यात सुनीताचा आला. मशिदीपाशी सापडले होते.

पाण्याच्या कूलरशेजारी सावलीत बसले होते. झाडू मारणारा पेशावरचा माणूस त्यांना पेल्याने पाणी पाजत होता. "अभी आए हैं, भाईजान."

बाबांना घामाचा थेंब नव्हता. आणि पाय... पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरलेले. ओला, लाल, चिकट चिखल. लाल वाळू इथे वाळवंटात आहे, पण ती कोरडी असते, झटकली की पडते. खाडीचा चिखल काळपट. हा आमच्याकडे भातलावणीला पायाला बसतो तसला.

"बाबा, कुठे गेलात?"

"गावात जावन इलंय," ते शांतपणे म्हणाले. "पाणी उतारला हा. दीपमाळ कलंडली, नदीच्या बाजूक."

घरी आणून पाय धुतले. बाथरूममधून लाल पाणी वाहत होतं.

संध्याकाळी न राहवून चुलतभावाला, सुधाकरला, फोन केला. तो हसला. "पावसात खंय पाणी उतारता?" तरी दुसऱ्या दिवशी बाइक घेऊन धरणावर गेला आणि व्हिडिओ पाठवला. दुरुस्तीसाठी धरणाचं पाणी सोडलं होतं. वसाहतीतही कुणाला पत्ता नव्हता. गाळातून देवळाचा चौथरा वर आला होता... आणि दीपमाळ नदीच्या बाजूला कलंडलेली.

बाबांकडे मोबाइल नाही. माझ्या आणि सुनीताच्या फोनमध्ये गावाकडून कुणाचाच मेसेज आलेला नव्हता, मी पुन्हा पुन्हा तपासलं. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात भास होतात. होत असतील. भासाला चिखल लागतो का, हे विचारायचं राहून गेलं.

तो व्हिडिओ मी बाबांना दाखवला. त्यांनी नीट पाहिलासुद्धा नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "गावातले सगळे तुका इचारत होते. मी सांगितलंय... तो दमलो हा, निजलो हा."